कधी थांबायचं?

वीज आता पहाटेशिवाय येत नाही. सरका इकडे, तेम्वा, तूही ये, शेगडीत अजून धग आहे. तुमची माणसं आत वॉर्डात झोपलीत, नर्सबाई जाग्या आहेत, काही लागलं तर हाक मारतील. इथे बाहेर झोप तर कुणालाच येत नाहीये. मग ऐका. सुझगो कुम्वेंदाचं सांगतो. आमच्या शेजारच्या घरातला तो. झालं ते त्याने मला एकदाच सांगितलं, आणि पुन्हा विचारू नका म्हणाला.

हा सुझगो मोटरसायकलवरून गावोगाव फिरायचा. कुणावर अचानक काही ओढवलं आणि दवाखाना लांब असला, तर गाडी येईपर्यंत आपण काय करायचं, ते शिकवायचा. आपल्या बोलीत सुझगो म्हणजेच संकट. तेव्हा कुठेही गेला की लोक आधी हसून घ्यायचे. "संकट स्वतःच शिकवायला आलंय, आता कसली भीती," म्हणायचे. तोही हसायचा. मागे रबराचा अर्धा माणूस बांधलेला असायचा, डोकं आणि छाती तेवढी. रस्त्यात बायका विचारायच्या, "उरलेला कुठे सांडला रे?"

मार्चमधला गुरुवार होता. अमावास्येचा. तळ्याकाठी पाऊस थांबला होता, पण वर डोंगरात पडत होता. दुपारी चिवुंग्याला त्याची शिकवणी होती आणि सकाळी पुढच्या गावच्या शाळेत दुसरी. म्हणून चिवुंग्याचं उरकून रात्रीच पुढे जायचं, एवढाच बेत.

चिवुंगा म्हणजे कोळ्यांचं गाव. सगळे आंब्याखाली जमले. गावचा प्रमुख म्हांगो म्हातारा पुढे खुर्ची टाकून बसला. आणि मग प्रश्न सुरू झाले. लोकांच्या पोटात किती प्रश्न असतात, ते अशा वेळी कळतं.

"साप चावला तर चिरा देऊन विष चोखायचं ना?"

"चोखायचं नाही, चिरायचं नाही. हात-पाय हलवू द्यायचा नाही आणि दवाखाना गाठायचा."

"पोरगं भाजलं तर टूथपेस्ट?"

"टूथपेस्ट दाताला. भाजल्यावर साधं पाणी, गार, बराच वेळ."

"फिट आली तर तोंडात चमचा घालतात, तो लाकडी बरा की लोखंडी?" असं एका बाईने विचारलं. तिची जाऊ म्हणाली, "तुझ्या तोंडात उलथनं लागेल." सगळे हसले. सुझगोने सांगितलं, तोंडात काहीच घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि डोकं आपटू द्यायचं नाही.

मग बुडालेल्या माणसाचं निघालं. कोळ्यांचं गाव, निघणारच. एक तरणा म्हणाला, आम्ही पाय धरून उलटा टांगतो. सुझगोने रबराचा माणूस चटईवर ठेवला, गुडघे टेकले, एका पंज्यावर दुसरा पंजा ठेवून छातीच्या मधोमध दाबून दाखवलं. जोरात, भराभर. तीस वेळा दाबायचं, दोनदा तोंडाने वारा भरायचा, पुन्हा तीस.

"आणि थांबायचं कधी?"

हा प्रश्न मागून आला. जाळी वाळत घातली होती, तिथे एक बाई उभी होती. बारीक अंगाची. कमरेचं कापड ओलं, नुकतीच पाण्यातून आल्यासारखी.

सुझगो म्हणाला, "त्याचा श्वास सुरू झाला की थांबायचं, ताई. कुणी जाणतं आलं तर त्याच्या हाती द्यायचं. नाहीतर आपल्या अंगात त्राणच उरलं नाही तर. पण नुसतं कुणी म्हटलं गेला, म्हणून थांबायचं नाही."

"आणि कुणी ओढून बाजूला केलं तर?"

तो जरा अडखळला. "तर... त्यांना सांगायचं, मला करू द्या."

म्हांगो म्हाताऱ्याने मान वाकडी करून विचारलं, "मास्तर, कुणाशी बोलताय?"

"त्या मागच्या ताई विचारतात ना."

सगळ्यांनी वळून पाहिलं. जाळी होती. जाळ्यांपलीकडे तळं होतं.

आता कुणी हसलं नाही. उलथन्याचा विनोद करणारी जाऊ उठली आणि पोराला काखोटीला मारून चालती झाली. तिच्यामागे दोघी-तिघी. बघता बघता आंब्याखाली म्हांगो आणि सुझगोच उरले. म्हाताऱ्याने त्याला घरी नेऊन जेवू घातलं, मक्याच्या पिठाचा घट्ट सिमा आणि उसिपा मासळीचं कालवण. हात धुताना म्हणाला, "आज इथंच पथारी टाका."

"का हो?"

"असंच. ओढ्याला पाणी असेल."

"पाणी असलं तर परत येतो की," सुझगो म्हणाला. तरणा माणूस. शिकवून शिकवून त्याला वाटायला लागलं होतं, संकट म्हणजे नीट उत्तर असलेला प्रश्न.

तो निघाला तेव्हा आठ वाजून गेले होते. चंद्र नाही. तळ्यावर लांब मासेमारीच्या होड्यांचे दिवे, बाकी सगळं काळं. रस्ता काठाकाठानेच जातो. ओढा आला तसा त्याने गाडीचा उजेड पाण्यावर टाकला. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं, पण घोट्याएवढंच. पलीकडचा दगड स्पष्ट दिसत होता. त्याने पहिला गिअर टाकला आणि गाडी हळूच पाण्यात घातली.

मध्यावर इंजिन बंद पडलं. दिवा गेला.

वरून, डोंगराकडून आवाज आला. पावसासारखा, पण पाऊस नव्हता.

मग तो पलीकडे होता.

कसा आलो, ते आठवत नाही म्हणतो. काठावर वाळूत उभा होता. गाडी नव्हती. गाडी कुठे गेली, असंही त्याच्या मनात आलं नाही. कपडे ओले होते पण थंडी वाजत नव्हती. आणि समोर, चार पावलांवर, कुणीतरी मोजत होतं.

"...अकरा, बारा, तेरा, चौदा..."

तीच बाई. गुडघे टेकून बसलेली. तिच्यापुढे वाळूत एक माणूस उताणा पडला होता आणि ती त्याची छाती दाबत होती. दोन्ही हातांनी, कोपर ताठ. अगदी दुपारी दाखवलं होतं तसं.

सुझगो धावला. बसला तिच्यासमोर. "ताई, सरका. मी घेतो."

हात उचलायला गेला. हात उचलेनात.

बघा, हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज असा एकदम खाली गेला. म्हणाला, काका, हात जागेवर होते. मला दिसत होते. पण माझे नव्हते.

"मोजा," ती म्हणाली. "माझं चुकतंय. तुम्ही मोजा, मास्तर."

त्याने मोजायला घेतलं. एक, दोन, तीन. ती दाबत होती. तिने दाबलं की सुझगोच्या छातीत ठोका बसायचा. त्याला वाटलं, घाबरलोय म्हणून. तीसला ती वाकली, त्या माणसाच्या तोंडात वारा भरला. आणि सुझगोच्या तोंडात... चिखलाची चव आली.

त्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता. तिची सावली म्हणावी, तर उजेडच नव्हता. पण चेहऱ्यावर काळोख होता, बाकी अंगापेक्षा जास्त.

"थांबू का?" तिने विचारलं.

"नको. एक, दोन, तीन..."

किती वेळ गेला, सांगता येत नाही. तिचा दम लागल्याचा आवाज ऐकू येत होता. त्या माणसाच्या अंगात काही नव्हतं. ओल्या गोणपाटासारखा हलत होता, दाबलं की तेवढाच.

मग मागून बोलणं ऐकू आलं.

पुरुषांचे आवाज. म्हातारे. रागावलेले नाहीत, समजूत घालणारे. म्हणून जास्त वाईट.

"सोड आता, पोरी."

"गेला तो."

"मड्याला कशाला छळतेस. ऊठ."

पावलं वाळूत वाजत होती. जवळ येत होती. सुझगोला मान वळवता येईना. त्याला फक्त हात दिसले. काळोखातून पुढे आलेले, सुरकुतलेले, चार-पाच हात. तिच्या खांद्यावर टेकले. तिच्या दंडाला धरलं. हळूच. मायेने.

ती दाबतच होती. पण आता वाकडी. मधोमध नाही.

"मास्तर... थांबू का?"

आणि खरं सांगतो, त्याला हो म्हणायचं होतं. त्याला झोप येत होती. अशी झोप, म्हणाला, जशी आयुष्यात आली नव्हती. अंगाखाली वाळू मऊ झाली होती. त्या माणसाचं काही उरलं नव्हतं, हे त्यालाही दिसत होतं. आणि बाई दमली होती. थांब म्हणणं हीच दया होती. एक शब्द. मग तीही सुटली असती, आणि हाही.

ते हात तिला ओढायला लागले.

"सांगा ना."

तोंड उघडेना. जीभ जड. त्याने सगळा जोर जिभेवर आणला...

"तिला करू द्या," तो म्हणाला.

हात थांबले.

"मधोमध, ताई. एक. दोन. तीन."

चार.

पाच.

सहा...

पुढचं त्याला आठवत नाही.

त्याला उचललं ते कोळ्यांनी. रात्रीच्या मासेमारीवरून परतत होते. होडीचा दिवा काठावर पडला, तेव्हा हा फरशीपासून बराच खाली, वाळूत पडलेला दिसला. पाण्यापासून चांगला वर. आणि उताणा नव्हे, कुशीवर. वरचा गुडघा दुमडलेला, गालाखाली तळवा. बेशुद्ध माणसाला जसं ठेवायला तो शिकवायचा, तस्सं. शेजारी ओकलेलं पाणी. श्वास चालू होता.

गाडी दोन दिवसांनी तळ्यात सापडली. तो रबराचा माणूस काही सापडला नाही.

त्याला शुद्ध आली तेव्हा म्हांगो म्हातारा उशाशी बसला होता, इथंच, ह्याच इस्पितळात. सुझगोने पहिलं तेच विचारलं, "ती कोण?"

म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"न्यामसिस्का," म्हणाला. "कोळ्याचीच बायको. नवरा त्याच फरशीवरून वाहून गेला, आम्ही बाहेर काढला. ती शहरात कुणाकडे तरी कामाला होती, तिथं शिकली होती ते दाबायचं. बसली दाबत. आम्हाला काय माहीत असलं काही असतं म्हणून? आम्ही म्हटलं, दुःखाने वेडी झाली. ओढलं तिला. मीच दंड धरला होता, मास्तर. मग त्याला खांद्यावर घेऊन घरी नेत होतो. अर्ध्या वाटेत तो खोकला. एकदाच. खाली ठेवला तोवर... काही नाही."

"आणि ती?"

"ती पुढे कितीतरी दिवस काठाने फिरायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, किती वेळ दाबायला पाहिजे होतं. कुणालाच माहीत नव्हतं. एका पावसाळ्यात तीही तापाने गेली. त्याला कैक वर्षं झाली."

सुझगो बोलायला गेला की छातीत कळ येत होती. त्याला वाटलं दगडावर आपटलो असेन. दुपारी डॉक्टरीणबाई एक्स-रे घेऊन आल्या. खिडकीकडे धरून पाहिला, पुन्हा पाहिला. विचारलं, "तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कुणी नाही."

"कोळ्यांनी छाती दाबली का?"

कोळी दाराशीच उभे होते. ते म्हणाले, आम्ही उचललं तेव्हा श्वास चालूच होता बाई, आम्ही हातही लावला नाही.

"दोन बरगड्या तडकल्यात," त्या म्हणाल्या. "दगडाने अशा तडकत नाहीत. कुणीतरी बराच वेळ दाबलंय यांना. आणि बरोबर दाबलंय."

...

काय म्हणालीस, तेम्वा? तो वाळूत पडलेला माणूस? मी काय सांगणार. त्याला चेहरा दिसला नव्हता. मीही विचारलं नाही.

बरगड्या भरून आल्या. आता तो पुन्हा फिरतो, शिकवतो. मात्र अमावास्येला घर सोडत नाही. ज्या संध्याकाळी त्याने मला हे सांगितलं, तेव्हा शेवटी शर्टाची बटणं सोडली. छातीच्या बरोबर मधोमध एक निळसर डाग होता. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाएवढा, आणि त्यापुढे बोटांच्या पुसट रेघा. तीन वर्षं झाली होती, सगळं अंग बरं झालं होतं, तेवढा डाग गेला नव्हता.

मी माझा हात त्यावर ठेवून पाहिला.

तो हात माझ्या हातापेक्षा खूप लहान होता. बाईमाणसाचा. उन्हाळ्याचे दिवस, दोघेही घामाने निथळत होतो... आणि तेवढीच जागा गार होती.