फक्त मला ऐकू येणारी शीळ

तो दारात चपला काढत होता आणि मी दोन्ही कानांत बोटं घालून बसले होते... आमची पहिली नजरानजर ही अशी! हसू की रडू, तेच मला कळेना.

"कान दुखायलेत का?" त्यानं विचारलं.

"नाही..." मी घाईनं बोटं काढली. "ती शीळ—"

मालक किशनरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. परभणीत नवाकोरा कॉम्प्युटर आणून त्यांनी टायपिंगचं दुकान थाटलं होतं, आणि ब्याण्णवच्या उन्हाळ्यात मी पिंगळीहून तिथं रोज कामाला यायची. "भुजंग, तूच बघ बाबा," ते म्हणाले. "ही सत्यशीला चार दिवस झाले म्हणायली, मशीन शिट्टी मारायलंय. मला तर कायबी ऐकू येईना! मशीन ठीक निघालं तर आजच हिच्या वडलांना निरोप धाडतो. घेऊन जा म्हणावं पोरीला."

माझ्या सरजाआत्यालाही असंच काहीबाही ऐकू यायचं, दुसऱ्या कुणालाच न येणारं. दवाखाने झाले, मग नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं, आणि आता ती उंबऱ्याबाहेरही पडत नाही. ती बारीक शीळ कानात शिरली की मला आत्या आठवायची आणि वाटायचं, आपलंही तेच होणार.

मेकॅनिक भुजंगनं पंखा बंद केला. "आता?"

"येतेय."

ट्यूब बंद. कॉम्प्युटरचा डबा बंद. "आता?"

"येतेय..."

त्यानं मॉनिटरचं बटण दाबलं आणि मी श्वास सोडला. "थांबली!"

"बटन बघून म्हणायली," किशनराव पुटपुटले.

"मग न बघता सांगतील." भुजंग माझ्याकडे वळला. डोळे काळेभोर, शांत. "भ्यालाव का?"

"खूप."

"भिंतीकडं तोंड करून बसा. भिंत मालकासारखी टोमणे मारत न्हाई."

मला चक्क हसू आलं. भलत्या वेळी!

मॉनिटरची वायर बाहेरच्या खोलीतल्या बोर्डाला होती. दोघं तिकडं गेले. पंखा, ट्यूब सगळं बंदच होतं. मी डोळे मिटले.

"आता?"

"आहे."

"आता?"

"नाही..."

चार वेळा बरोबर आलं. पाचव्यांदा त्यानं विचारलं, आणि... काहीच नाही. मी कानात प्राण आणले. तरी काहीच नाही.

"नाही," मी कसंबसं म्हणाले.

"चुकली!" किशनराव ओरडले. "बटन चालू हाय!"

संपलं. आता पिंगळीचं घर, आणि आत्याच्या शेजारी माझं अंथरूण...

"मालक," भुजंगचा आवाज आला, "जरा ट्यूब लावून बघा बरं."

ट्यूब लागेना. पंखाही फिरेना. लाइट गेली होती!

किशनराव दारात आले. "पोरी, तुझे कान बरोबर हायेत," ते म्हणाले. "माझेच म्हातारे झाले." आणि चहा सांगायला खाली उतरले.

मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले. भुजंगनं मॉनिटरचं झाकण उघडलं. "आतलं तारेचं वेटोळं सैल होऊन थरथरायलंय, तीच शीळ. वॉर्निश लावून घट्ट करतो," तो म्हणाला. "लाइट आली की थांबली का ते सांगा."

"मी कशाला? तुम्हालाही येते की ऐकू."

तो खाली बघून हसला. "न्हाई येत. चार वर्षं कापसाच्या जिनिंगच्या मशीनपाशी होतो, त्या खडखडाटात. बारीक आवाज ऐकू यायचा गेला तो गेलाच."

"मग... माझ्यावर विश्वास कसा ठेवलात?"

"इतकं भ्यालेलं माणूस उगं कशाला सांगंल?"

चार दिवसांत मला असं कुणीच म्हटलं नव्हतं. तो मला तिथंच आवडला, सांगूनच टाकते.

तासाभरानं लाइट आली. मॉनिटर उजळला... अगदी चिडीचूप.

"थांबली," मी म्हणाले.

त्यानं सामान पिशवीत भरलं, पण उठला नाही. "तुम्ही अजून थोडी हाय म्हणला असता, तर उद्याबी आलो असतो."

"मी खोटं बोलत नाही."

"मग खरं सांगा... येऊ का?"

दादा म्हणजे माझे वडील काय म्हणतील, वस्ती काय म्हणेल... एवढी भीती तर त्या शिळेचीही वाटली नव्हती.

"इथं नका," मी म्हणाले. "रविवारी पिंगळीला या. दादांना विचारायला."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आता मी भ्यालो," तो म्हणाला. "पण येतो."