या हं एकदा आमच्याकडे!

सुमेधा, तू आधी नुसतं ऐक. मधे बोलू नकोस, आणि हसायचं तर शेवटी हस.

तुला माहितीये ना, रेणूला मॉरिसव्हिलला जॉब लागलाय. येत्या सोमवारी जॉइन नाही झाली तर व्हिसाचे वांधे, अमेरिका सोडून डायरेक्ट नागपूर. तर आमचं ॲन आर्बरचं घर सोडायच्या आधी एक छोटी ट्रिप मारू म्हणून तिने स्वस्तातलं तिकीट शोधलं, आणि आम्ही कुठे गेलो? नॉर्वेत, ऑस्लोला! तिकीट स्वस्त होतं गं. बाकी काहीच नव्हतं. एअरपोर्टवर पाण्याच्या बाटलीची किंमत वाचून रेणूने ती इतकी हळू परत ठेवली ना, जसं काय झोपलेलं बाळ.

पण आम्ही कोण! बॅगेत दशम्या, लसणाची चटणी, मेतकूट आणि छोटा राइस कुकर. फ्लॅट जुन्या बिल्डिंगमध्ये, अगदी वरच्या मजल्यावर, लाकडी जिना, पॉलिशचा वास. मजल्यावर दोनच दारं. आमचं पांढरं, समोरचं हिरवं. हिरव्याची पितळी मूठ अशी चकचकीत, की रोज कोणीतरी हात लावत असणार.

पहिल्याच सकाळी आमच्या दारात निळा पत्र्याचा डबा. आत गरम गरम बन, वेलदोड्याचा घमघमाट.

"शेजारीण किती गोड आहे!" रेणू म्हणाली.

"अगं, कोणाचं तरी चुकून आलं असेल," मी म्हणेपर्यंत तिचा एक खाऊन झालेला.

मग डबा धुतला. आता आपल्याकडे डबा रिकामा परत देतात का? दोन दशम्या आणि चटणी घालून रेणूने तो हिरव्या दाराशी ठेवला. मी म्हटलं, ती बिचारी ठसका लागून मरायची. तर संध्याकाळी फिरून आलो, लख्ख ऊन होतं अजून, आणि डबा परत आमच्या दारात. घासलेला, पुसलेला. आत स्ट्रॉबेऱ्या.

दुपारी बाजारात आम्ही स्ट्रॉबेऱ्यांचा नुसता वास घेऊन पुढे सटकलो होतो.

"रेणू, ह्या त्याच आहेत."

"स्ट्रॉबेरी ती स्ट्रॉबेरी. त्याच काय?"

"ह्या एकीचा देठ मोडलाय बघ. तो मी मोडला होता. बाई ओरडली नव्हती का माझ्यावर?"

रेणूने देठ निरखून पाहिला. मग खाल्ल्या आम्ही. फुकट होत्या यार!

रेणूने डब्यात मेतकूट-भात दिला. दुसऱ्या दिवशी डब्यात काय असेल? वरण-भात. वर तूप, लिंबाची फोड, वाफ येतेय. मी म्हटलं, चला, इंडियन काकू निघाल्या. रेणूने एक घास खाल्ला आणि चमचाच खाली ठेवला. हिंग जरा जास्त, वरणात एकच लाल मिरची, तीही अख्खी. तिची आई करते तसं. अगदी तसं.

निघायच्या दिवशी रविवार. दुकानं बंद, बॅग रिकामी. डब्यात घालायला काही म्हणजे काही नाही.

"टी-बॅग घाल," मी म्हटलं.

"वापरलेली आहे ती, बावळट!"

शेवटी रेणूने तो तसाच हिरव्या दाराशी ठेवला. टकटक केलं. आणि इतकं ओशाळून म्हणाली, "काकू, काही उरलं नाही हो. पण तुम्ही या हं एकदा आमच्याकडे, ॲन आर्बरला. नक्की या. जेवायलाच या."

आपण म्हणतो तसं! सगळ्यांना म्हणतो. कोण येतं गं कधी?

आत खुर्ची सरकली. कोणीतरी उठल्यासारखी.

दार काही उघडलं नाही. तेवढ्यात किल्ली घ्यायला फ्लॅटचा मालक आला. मी विचारलं, समोर कोण राहतं? तो हसला, आणि त्याने ती पितळी मूठ फिरवून दार सरळ उघडलं.

मागे भिंत. विटांची. दाराला चिकटून, बोटही जाणार नाही. पलीकडे जुना जिना होता म्हणे, त्याच्या जन्माआधी बुजवलेला.

आणि आम्ही आत्ताच ठेवलेला डबा तिथे नव्हता.

फ्लाइट फुल होती. मी खिडकीशी, रेणू कडेला. मधली सीट मात्र रिकामी. तिचा पट्टा लावलेला होता. मी सोडला. थोड्या वेळाने पाहिलं तर परत लावलेला.

घरी आल्यावर रेणूने मॉरिसव्हिलची बॅग भरली. सकाळी बॅग रिकामी, कपडे कपाटात. इस्त्री करून, सुमेधा! परत भरली, परत तेच. मग गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात सापडली. काल तर तिने भरणंच सोडलं. जेवायला एक पान जास्त वाढलं.

"आग्रह करतायत गं, राहा म्हणून," ती म्हणाली.

"कोण?"

ती ताटं उचलायला लागली. ते पान मात्र चाटूनपुसून स्वच्छ.

आज सकाळी तिच्या आईचा व्हिडिओ कॉल. त्या म्हणाल्या, "रेणू, पाहुण्यांना खुर्ची दे की. उभं काय ठेवलंयस?"

खोलीत आम्ही दोघीच होतो.

मी फोन जवळ ओढला. कसंबसं विचारलं, "काकू, पाहुणा जातच नसेल तर?"

"जा म्हणायचं नसतं, अनिका. दुसऱ्या घरचं बोलावणं आलं की माणूस आपणहून उठतो."

म्हणून मी तुला फोन केला. स्पीकरवर. येऊ का विचारलं. आणि तू नेहमीसारखी म्हणालीस, "विचारतेस काय? ज्यांना आणायचं त्यांना घेऊन ये!"

आत्ता रेणूचा मेसेज आलाय. हायवेला लागली. बॅग भरलेलीच आहे.

अशी बघू नकोस ना माझ्याकडे. इस्त्री छान करतात. वरणही.

तू मघाशी ट्रेमधून चहाचे तीन कप आणलेस. का आणलेस, तुलाही माहीत नाही. तिसरा रिकामा झालाय बघ.

परवावर आला होता गं तिचा सोमवार. माझ्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?