बाराशे सह्या आणि एक अंगठा

कुलूप शाबूत होतं, कपाट बंद होतं आणि आतला लिफाफा तेवढा गायब होता.

"ही लाइन बंद करू नका, असा गावकऱ्यांचा अर्ज होता," स्टेशनमास्तर म्हणाले. "सह्यांसाठी पंधरा गावं पायी हिंडलो. चारच्या गाडीने मोठे साहेब तो न्यायला येतायत."

रूळ जिथे संपत, त्या स्टेशनात दिवसाला एकच गाडी यायची आणि तीच परत जायची. गावातले खाजगी तपासनीस, ज्यांना सगळेच दाजी म्हणत, मेहुण्याला घेऊन तीनला पोचले होते.

"किल्ली?"

"एकच. कोटाच्या खिशात. जेवायला घरी गेलो, तेवढाच इथून हललो."

दाजी कोटाकडे बघत राहिले. काळ्या कोटाचं मधलं बटण कोऱ्या पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं होतं.

तिकीट कारकून सरळच बोलला. "लाइन बंद पडली तर मला शहर मिळेल. पण किल्ली काय आभाळातून पडणार?"

"हाच तो," मेहुणा कुजबुजला.

सांधेवाला रडकुंडीला आला होता. "सगळ्यांनी सह्या केल्या, मी एकटाच अंगठेबहाद्दर. आज सकाळी शेवटी माझा अंगठा घेतला आणि माझ्यासमोरच मास्तरांनी लिफाफ्याला लाख लावली."

मागच्या क्वार्टरमध्ये मास्तरांच्या बायकोने चहा दिला. "बाराशे सह्या आणि एक अंगठा. एवढी मेहनत पाण्यात गेली."

"वहिनी, आज स्टेशनात गेला होतात?" दाजींनी विचारलं.

"मी तिकडे फिरकतही नाही."

दाजींनी मास्तरांना तिथेच बोलावून घेतलं. "जेवताना अर्जाचा विषय निघाला?"

"जेवताना आम्ही बोलत नाही. जेवलो आणि जरा आडवा झालो."

"अंगावरच्या कोटाचं बटण कोणी शिवत नाही," दाजी सावकाश म्हणाले. "तुम्ही झोपलात, कोट वहिनींच्या हाती होता आणि खिशात किल्ली. अंगठा उमटला तो सकाळी, वर लगेच लाख. तो एकच आहे, हे लिफाफा फोडल्याशिवाय कळायचं नाही, वहिनी."

मेहुण्याचा कप ओठांपाशीच थांबला.

तिने गादीखालून लिफाफा काढला. "लाइन बंद होईल, आपण सुटू, एवढंच मनात होतं. पण कपाटात त्याच्याखाली तुमची तीन पत्रं होती. तीनदा बदली आली, तीनदा तुम्हीच नको म्हणालात. आणि मला बावीस वर्षं सांगताय, वरचे सोडत नाहीत."

"या लोकांना टाकून कसा जाणार होतो?"

"मला विचारलं असतंत, तर राहिलेही असते."

चारला गाडी आली. मास्तरांनी फोडलेला लिफाफा साहेबांच्या हातात ठेवला. पुढे लाइन वाचली.

त्याच गाडीच्या शेवटच्या डब्यात त्यांची बायको एक पिशवी घेऊन चढली. तिने खिडकीबाहेर पाहिलं नाही. हिरवा बावटा मास्तरांनाच दाखवावा लागला.