परीक्षेच्या खिडकीखालचं उखळ

अडतीस साली होळीनंतर ऊन असं पडलं, की आमच्या विहिरीतलं कासव दुपारी वर येऊन पडवीत बसायचं आणि ऊन कललं की आपापलं परत जायचं. खोटं वाटत असेल तर वाटू दे. कासव असतं तर त्यालाच विचारलं असतं.

आमची वाडी सिद्धगडाच्या पायथ्याची. मोहाची फुलं पडायला लागली होती, सगळ्या वाडीला गोड, आंबूस वास. अंगणभर भात वाळत घातलं होतं आणि मी काठी घेऊन कोंबड्या हाकत बसले होते. तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून एक तरणा मुलगा आत आला. डोळे मिटलेले, हात पाठीशी, ओठ हलतायत… "भीमा, नीरा, मुळा, मुठा—" असं म्हणत तो थेट माझ्या भातावर चढला, मधोमध गेला आणि थांबला. मुठेच्या पुढची नदी त्याला आठवेना.

मी म्हणाले, "ओ पाहुणं, नदी तिकडं हाय. हे आमचं भात हाय."

त्यानं डोळे उघडले. आता डोळ्यांचं सांगायचं तर… नको, ते नंतर सांगेन. आधी तो शिंकला. शिंक अशी, की भाताचा अर्धा पसारा उडाला, कोंबड्या शेजारच्या घरी गेल्या आणि माझ्या केसांत तुसं भरली.

"माफ कर गो," तो म्हणाला. "मला भुशानं शिंका येतात. गवतानं त्याहून येतात."

"मग चालता कशाला भुशातून?"

"चालत नव्हतो. पाठ करत होतो."

मी त्याला उडालेलं भात गोळा करायला बसवलं. एकेक दाणा उचलताना तो कान लाल करून खाली बघत होता आणि मी… मीही बघत होते, पण भाताकडं नाय.

हा नामा. शेजारच्या बाईजाआत्याचा भाचा, मुरबाडचा. सातवीच्या फायनलला दोनदा बसून दोनदा आपटलेला. अभ्यास केला नव्हता असं नाही. पुस्तकं त्याला पानांच्या नंबरासकट पाठ. पण परीक्षेला बसला की पोटात खड्डा पडायचा, हाताला घाम सुटायचा, तो घाम शाईत मिसळून उत्तरं आभाळी रंगाची व्हायची आणि डोक्यात काही म्हणता काही उरायचं नाही. पहिल्या वर्षी स्वतःचं नाव तेवढं लिहून आला. दुसऱ्या वर्षी नावही बापाचं लिहिलं. मुरबाडात जो भेटेल तो विचारायचा, झाला का रे अभ्यास. तो प्रश्न चुकवायला तो आत्याकडं पळून आला होता.

ही तिसरी आणि शेवटची खेप. पास झाला तर मास्तर. नापास झाला तर खर्डीला गवताच्या वखारीवर, गठड्या बांधायला. बापानं वखारवाल्याला शब्द देऊन ठेवला होता. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा दोघंही हसलो नाही. गवताचं नाव काढलं तरी शिंकणारा माणूस, तो चार महिन्यांत शिंकून शिंकून संपला असता. मला उगाचच रात्री जेवण गेलं नाही.

माझी भावजय चंद्रकला तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेलेली. पावसाळ्याचा तांदूळ कांडून ठेवायचा होता आणि एका उखळात दोन मुसळं पडल्याशिवाय कांडणाला गती येत नाही. बाईजाआत्यानं भाच्याला धरून आणलं. म्हणाली, हा दिवसभर अंगणात भुतासारखा फिरतो, याला कामाला लाव. पुरुषमाणसानं मुसळ धरायचं म्हणजे वाडीला तमाशाच. पण तिनं त्याच्या नाकाला फडकं बांधलं आणि मुसळ हातात दिलं.

दोघांच्या कांडणात एक गोष्ट असते. थांबून विचार करायला सवड नसते. माझं मुसळ वर तेव्हा तुझं खाली, तुझं वर तेव्हा माझं खाली. मधेच विचारात पडलात की मुसळावर मुसळ आपटतं. पहिल्या घटकेत त्यानं सात वेळा आपटलं.

"मुसळाकडं बघू नका," मी म्हणाले.

"मग कुठं बघू?"

"समोर."

समोर मी होते. त्यानं बघितलं. आठव्यांदा आपटलं.

"मुसळाकडंच बघा बाई," मी म्हणाले, आणि फडक्याच्या वर त्याचे डोळे हसले. डोळ्यांचं नंतर सांगेन म्हटलं होतं ना, ते हे. मोहाच्या फुलात सकाळी पाणी साठतं तसे.

हळूहळू हात बसला. कांडताना घाव घातला की छातीतून "हूं" निघतो, प्रत्येकाचा निघतो, त्याला इलाज नाही. तिसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, त्या मुठेच्या पुढं कोण? आणि तो न थांबता म्हणाला, "भीमा— हूं— नीरा— हूं— मुळा— हूं— मुठा— हूं— घोड— हूं—" आणि पुढं सगळ्या नद्या सागरापर्यंत पोचवल्या. आम्ही दोघंही थबकलो. मुसळं वरच राहिली. माझ्या शपथेवर सांगते, ती थोडा वेळ आपली आपण वर राहिली होती.

त्यानंतर महिनाभर आम्ही कांडलं. राजांच्या लढाया, व्याजाची गणितं, कविता, देशाच्या सीमा, सगळं त्या उखळातून गेलं. फडकं सैल होऊन तो शिंकला की एका शिंकेत पायलीभर तांदूळ पाखडून निघायचा, त्यामुळं सुपाचं काम वाचलं. वाडीतली पोरं त्याला मुसळमास्तर म्हणायला लागली. माझी मैत्रीण रखमी तर येता-जाता विचारायची, काय गो ठकी, तांदूळ किती आणि मास्तर किती? मी तिला कोंडा फेकून मारायचे.

परीक्षा शहापूरला होती. निघायच्या आदल्या दिवशी नामा पडवीच्या पायरीवर बसला, नखं खात. हातांना पुन्हा घाम.

"इथं सगळं येतं," तो म्हणाला. "तिथं बाकावर बसवतील. गप्प बसायला लागेल. पुन्हा पोटात खड्डा पडेल… मला ठाऊक हाय."

"काय नाय पडत."

"नापास झालो तर इथं तोंड दाखवायला यायचा नाय मी, ठकी. सरळ खर्डीला जाईन."

हे मात्र मला चाललं नसतं. पण मी तसं म्हणाले नाही. मी म्हणाले, "शहापूरला माझी चंदामावशी राहते. तिचं भात कांडायचं राहिलंय."

त्यानं मान वर केली. मी कोंबड्यांकडं बघत राहिले.

माझ्या बापाला मी सांगितलं की मावशीनं बोलावणं पाठवलंय. पाठवलं नव्हतं. काळू नदी ओलांडून, किन्हवलीवरून, बैलगाडीत धूळ खात मी शहापुरात उतरले तेव्हा मावशीनं आधी विचारलं की घरी कोण गेलं. कुणी नाय म्हटल्यावर तिनं मला नीट निरखलं आणि पुढं काही विचारलं नाही. शहाणी बाई. तिचं घर परीक्षेच्या कौलारू इमारतीला अगदी लागून. मागच्या पडवीत उखळ, आणि उखळाच्या वर डोक्याइतक्या उंचीवर इमारतीची खिडकी. माझ्याइतकी नशीबवान मुलगी त्या साली ठाणे जिल्ह्यात दुसरी नव्हती.

पहिल्या दिवशी घंटा झाली आणि मी मुसळ उचललं. मावशीचं मणभर भात मी पहिल्या पेपरातच संपवलं. दुसऱ्या पेपराला शेजारणीचं घेतलं. दुसऱ्या दिवशी बायका टोपल्या घेऊन रांगेत उभ्या, कारण फुकट कांडून देणारी मुलगी गावात आलीय अशी बातमी झालेली. हाताला फोड आले, फोड फुटले, त्यावर हळद बांधली.

नामा संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर पाणी प्यायला यायचा. सगळ्यांसमोर तो माझ्याशी बोलायचा नाही. मावशीलाच सांगायचा, मला ऐकू येईल अशा बेतानं. खिडकीखाली कुणीतरी फार छान कांडतं म्हणाला. हात आपोआप चालतो. मग तोंडी परीक्षेचं सांगितलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी नद्या विचारल्या आणि हा सुरू झाला, भीमा, हूं, नीरा, हूं. साहेब आधी चक्रावले. चौथ्या नदीला त्यांची मान हलायला लागली, आठव्या नदीला दोन्ही मुठी वर-खाली व्हायला लागल्या आणि शेवटी म्हणे, सगळ्या नद्या त्यांनीच म्हणून संपवल्या, हूं सकट. मावशी हसून हसून ओट्यावरून घसरली. मी आत हळद बदलत होते. हात झोंबत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

तिसरा दिवस गणिताचा. त्याची सगळ्यांत मोठी धास्ती गणिताचीच.

अर्धा पेपर झाला असेल. मी टोपलीत हात घातला आणि हाताला बूड लागलं. भात संपलं होतं. मावशीकडं नाही, शेजारी नाही. मी शहापुरात सालीसकट दाणा शिल्लक ठेवला नव्हता. मुसळ थांबलं. सगळं शांत झालं… खिडकीतून बाक करकरल्याचा आवाज आला, मग तोही नाही.

मी रिकाम्या उखळातच घाव घालायला निघाले तर मावशीनं मुसळ धरलं. रिकामं उखळ आमच्यात कुणी कांडत नाही. घरातलं अन्न उठतं म्हणतात. मी तिला विनवलं, थोडंच, अगदी थोडं. ती मान हलवत राहिली. माझ्या डोळ्यांसमोर खर्डीची वखार उभी राहिली, गवताचा डोंगर, आणि त्याच्या टोकावर फडकं न बांधलेला नामा.

कोपऱ्यात तीन दिवसांची तुसं पडली होती, माझ्या कमरेइतकी. मी दोन्ही ओंजळी भरल्या, उखळात ओतल्या आणि मुसळ हाणलं.

तुसं कांडणारी बाई तुम्ही पाहिलीय का? नसणार. त्यातून काय निघायचं? रस्त्यावरची माणसं कुंपणाशी गोळा झाली. एक म्हातारा मावशीला म्हणाला, पोरीला ऊन लागलंय, कांदा हुंगव. मी ऐकत नव्हते. तुसांचा आवाज बोदा येतो, भातासारखा टणक नाही. एवढा पोचतोय की नाही? पोचला तरी त्याला कळेल का? की आत तो कोऱ्या कागदाकडं बघत बसलाय… मी आणखी जोरानं हाणायला लागले. धूळ उठली. पिवळा ढग पडवीतून वर गेला आणि सरळ खिडकीत शिरला.

आणि आतून शिंक आली.

मुरबाडापर्यंत ऐकू गेली म्हणतात. मला विचाराल तर कल्याणपर्यंत गेली असावी. त्यामागून दुसरी आली, तिसरी आली. कुणीतरी दरडावलं, मुलं हसली, आणि त्या सगळ्या गोंधळाखालून टाकाचा आवाज मला ऐकू आला. भिंतीपलीकडून टाकाचा आवाज ऐकू येत नसतो, हे मलाही कळतं. पण मला आला. कर, कर, कर…

घंटेला अजून पाव तास होता तेव्हा नामा बाहेर आला. डोळे सुजलेले, नाक लाल. माणसांना बाजूला सारत सरळ मागच्या पडवीत आला आणि पहिल्यांदाच सगळ्यांदेखत माझ्याशी बोलला.

"ठेव ते मुसळ."

"पेपर संपला?"

"लवकर संपवला. तू तुसं कांडायला लागलीस ते कळलं मला. मग जेवढं लवकर लिहीन तेवढी लवकर तू थांबशील…" त्यानं माझे हात उलटे करून बघितले. हळद निघून गेली होती. "खड्डा पडलाच नाय गो. पडायला वेळच नव्हता."

महिनाभर त्याला उत्तरं विचारणारी मी, आणि मलाच एक आठवेना.

निकाल वैशाख सरता सरता लागला. मी अंगणात भात वाळत घालून बसले होते. नामा कुंपणाच्या फटीतून आला. या खेपेला डोळे उघडे. वहाणा काढल्या, भाताच्या कडेकडेनं अख्खा वळसा घातला आणि पायरीशी उभा राहिला. हातात कागद होता, पण तो त्यानं दाखवला नाही. तोंडावरच लिहिलं होतं.

"शाळा मिळतेय," तो म्हणाला. "इथनं दोन कोसांवर, गडाच्या वरच्या अंगाला. राहायला एक खोली हाय. मागं पडवी."

"बरं झालं."

"पडवीत उखळ हाय. चांगलं, दगडी."

"मग काय कमी हाय, मास्तर?"

"मुसळ नाय."

"आमचं एक घेऊन जा."

कोंबडी भातात शिरली. दोघांपैकी कुणी हाकलली नाही. मग त्यानं विचारलं, "एकानं भागेल?"

मी काठी उचलली, खाली ठेवली… मग म्हणाले, "एकाला गती येत नाय. दोन लागतील. माझ्या बापाला विचारा, तो शेताकडं गेलाय."

तो धावला. सरळ, भाताच्या मधोमधून.

शहापुरात म्हणे अजून सांगतात, की एका खुळ्या पोरीनं अर्धा पेपरभर तुसं कांडली आणि तिच्या हाताला काही लागलं नाही. ऐकणारे हसतात. हसू देत. काही लागलं नाही म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडं यावं. मी पडवीत भात पाखडायला घेतलंय, आणि हाताला लागलं ते बघा, आतल्या खोलीत बसून शिंकतंय.