जमणं बंद

चहाचा ग्लास मानसीच्या हातून सुटला तो थेट जिना चढणाऱ्या माणसाच्या चपलांवर.

"सॉरी हं... मनगटातून एकदम कळ आली."

"माउस चालवता ना दिवसभर?" भिजलेल्या पायांकडे न बघताच त्याने विचारलं. "चला, टेबल दाखवा तुमचं."

हा योगेश. सुरतेच्या पर्वत पाटिया भागातल्या त्या इमारतीतले सगळे कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. जन्म इथलाच, शाळा गुजराती, घरात खानदेशी बोली. मानसी चार महिन्यांपूर्वी अकोल्याहून इथे साड्यांची डिझाइनं काढायला आलेली. ऑफिसात सगळे त्याला योगेशभाई म्हणत. तिच्या तोंडून ते 'भाई' काही निघेना.

त्याने तिची खुर्ची वर घेतली, कीबोर्डचे मागचे पाय मिटवले, लांब पडलेला माउस जवळ ओढला. "कोपर अंगाशी. मनगट सरळ, वाकवायचं नाही."

"आणि श्वास?"

"तो घ्या की... पण अर्ध्या तासाने एकदा उठून."

मग तो रोजच येऊ लागला. कधी उभ्या पकडीचा माउस घेऊन, कधी नुसताच. तिचं मनगट दोन बोटांनी इतकं हलकेच सरळ करायचा, की ती पदराची वेलबुट्टी विसरून जायची. हे सगळं मनगटासाठी, की माझ्यासाठी? तिला काही केल्या उमजेना. विचारावं तर हसं व्हायचं, न विचारावं तर जेवण गोड लागेना.

आणि एका सोमवारी कीबोर्डखाली चिठ्ठी! डोक्यावर रेघ नसलेलं, गुजराती वळणाचं ते मराठी अक्षर त्याचंच.

'आजपासून जमणं बंद. सवय होईल. मी आठवडाभर पलसाण्याला आहे. — योगेश'

मानसीचे डोळे भरून आले. म्हणजे आपलं जमत होतं, हे यालाही कळलं होतं तर! मग बंद कशाला? आणि सुरू तरी कधी झालं होतं? फोन करावा, तर कोणत्या तोंडाने? माउससुद्धा त्याने पार डावीकडे सारून ठेवला होता. तिने तो रागाने उजवीकडे आपटला आणि आठवडाभर हट्टाने इतकं काम उपसलं, की मनगट सुजलं.

पुढच्या सोमवारी तो आला आणि टेबलापाशी थबकला.

"हे काय? जमणं चालूच?"

"माझ्याकडून चालूच आहे!" ती उसळली. "तुमच्यासारखं चिठ्ठी लिहून बंद नाही करता येत मला."

"अहो, पण डाव्याने—"

"डाव्याने काय?"

"हे... हे जमणं." त्याने तिच्या उजव्या मनगटाकडे बोट दाखवलं. "जमणं मनगट. गुजरातीत म्हणतात ना! तुम्ही काय म्हणता?"

"उजवं!" मानसी जवळजवळ ओरडलीच. मग आपण काय बोलून गेलो ते तिला आठवलं, आणि तिला कुठे बघावं कळेना.

"मग तुमच्याकडे जमणं म्हणजे?"

"मन... जमणं. लग्न जमणं." ती पुटपुटली. "जाऊ द्या."

योगेशच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. पडला तेव्हा कान लाल झाले.

"ते... ते कुठे बंद म्हटलं मी? त्याच्यासाठीच तर रोज यायचो. नाहीतर खुर्ची एकदाच वर करायची असते, मानसी."

मानसीने माउस उचलून डावीकडे ठेवला.

"सवय होईल?"

"होईल."

"आणि हा जमणा बिचारा दिवसभर काय करणार?"

त्याने तो सुजलेला हात आपल्या हातात घेतला... मनगट अगदी सरळ धरून.