वाढपी आणि तिसरा ठिपका

आधी एक कोडं. दोन मुलांच्या गुणांची सरासरी पन्नास आहे. सांगा पाहू, प्रत्येकाला किती गुण मिळाले?

सांगता येणार नाही. नव्वद आणि दहा असतील, साठ आणि चाळीस असतील. हे कोडं मला आबांनी घातलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि व्हायचं ते नुकसान माझ्या हातून होऊन गेलं होतं.

आबा म्हणजे माझे आजोबा, विश्वंभर देवतळे. ते खगोलशास्त्रज्ञ होते. चिखलदऱ्याच्या आमच्या गच्चीवर त्यांची दुर्बीण होती. एकतीस वर्षं ते नवा धूमकेतू शोधत होते. एकही सापडला नव्हता.

घरात चित्रं रंगवणारा एक यंत्रमानव होता. काहीही करून दिलं की विचारायचा, "अजून थोडं वाढू?" पंगतीत आग्रह करतात तसं. म्हणून आबांनी त्याचं नाव वाढपी ठेवलं. पुरे म्हटलं की तो लगेच थांबायचा. मीच कधी म्हणायची नाही.

त्या मार्चमध्ये आबांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि पट्टी बांधली गेली. त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस जवळ आला होता. भेट द्यायला मी त्यांचं सगळ्यात नवं आकाशाचं छायाचित्र निवडलं. दिसायला अगदीच कळकट होतं ते, करडं आणि कणाकणांचं.

"स्वच्छ कर," मी वाढप्याला म्हणाले. कण गेले.

"अजून थोडं वाढू?"

"वाढ." जांभळे ढग आले. पुन्हा वाढ. ताऱ्यांना झळाळी आली. खरं तर तिथेच चित्र छान झालं होतं आणि मला ते कळतही होतं. पण तो विचारत राहिला नि मी हो म्हणत राहिले. सात वेळा वाढून घेतलं.

"मूळ चित्र ठेवू?" त्याने शेवटी विचारलं.

"नको, घाण आहे ते," मी ठसक्यात सांगितलं.

वाढदिवशी आबांची पट्टी निघाली होती. मी चित्र दाखवलं. ते डोळ्यांजवळ धरून त्याचा कोपरान् कोपरा बघू लागले. मला वाटलं, खूश झालेत.

"मघे, मूळ कुठंय?"

"हेच आता मूळ."

ते खुर्चीत बसले. "काहून गं पोरी?" एवढंच म्हणाले.

आधीच्या दोन चित्रांत एक पुसट ठिपका थोडासा सरकला होता. दोनदा दिसणं हा योगायोग असू शकतो. पट्टीमुळे बघायच्या राहिलेल्या या तिसऱ्या चित्रातही तो सरकलेला दिसला असता, तर आबा जगाला कळवणार होते. पक्कं झाल्याशिवाय बोलायचं नाही हा त्यांचा बाणा, म्हणून मला काही सांगितलं नव्हतं.

"वाढप्या, ठिपका परत आण!" मी रडत ओरडले.

"आणतो की. कुठे हवा?" त्याने विचारलं.

तेव्हा आबांनी मला ते कोडं घातलं. चित्र पिक्सेलांचं (अगदी बारीक चौकोनांचं) बनलेलं असतं. स्वच्छ करताना वाढपी प्रत्येक पिक्सेलच्या जागी आजूबाजूच्या पिक्सेलांची सरासरी भरतो. एकटा पुसट ठिपका त्यात विरून जातो. पन्नासवरून नव्वद आणि दहा परत मिळत नाहीत, तसाच तोही मिळत नाही. यंत्र नवा ठिपका सुंदर काढून देईल, पण तो आकाशातला नसेल.

"मग रंगवूच नको का मी?"

"रंगव ना. मूळ जपून ठेव, मग हवं ते कर. अन् जे काय आहे हे माहीत नाही, ते पुसू नको."

पुढचे आठ दिवस आभाळ भरलेलं होतं. नवव्या दिवशी चिलीमधल्या एका बाईंनी तोच धूमकेतू जाहीर केला. त्याला त्यांचं नाव मिळालं. आबांनी अभिनंदन कळवलं आणि सोबत आपले दोन ठिपके पाठवले. ते जोडल्यावरच त्याचा मार्ग नीट आखता आला आणि कळलं, हा बासष्ट वर्षांनी परत येणार. माझ्यात एवढा मोठेपणा नाही. मला माझा अजून राग येतो.

तो येईल तेव्हा मी त्र्याहत्तर वर्षांची असेन. आबा नसतील. दुर्बीण मी पुसूनबिसून तयार ठेवणार आहे. चित्र करडंच येईल, कणाकणांचं. वाढपी विचारेलच, "अजून थोडं वाढू?"

मी म्हणेन, "पुरे."