मिठाचं पोट

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या छायाविवरात, जिथे कधी सूर्याचं तोंडही दिसत नाही अशा खड्ड्यात, उभ्या चांद्रगाडीत बसून वैजयंती लोणकर मांडीवरच्या लॅपटॉपला मनातल्या मनात शिव्या घालत होती. सात किलोचं ते धूड! कंपनीत सगळे त्याला ‘पाटा’च म्हणायचे. चंद्रावर त्याचं ओझं सव्वा किलोएवढंच वाटायचं, पण इथवर येताना यानात माणूस आणि सामान एकत्र तोलत. पाटा न्यायचा म्हणून या बाईंनी दोन महिने भात सोडला होता.

आणि आता ऐन प्रात्यक्षिकात, दुसऱ्याच मिनिटाला पडद्यावर अक्षरं उमटली : ‘उष्णसाठा भरला आहे. गणन थांबवत आहे.’

“एवढं मोठं धूड आणि दोन मिनिटांत दम लागला?” भास्कर निमसे म्हणाले. ते बर्फखाणीचे मुख्य भूशास्त्रज्ञ, मूळचे संगमनेरचे. गाडी त्यांनी स्वतःच इथवर चालवत आणली होती. त्यांनी नाही म्हटलं, की पाटा कायमचा बंद होणार होता. “बाई, खाली बर्फ कुठे आहे ते मला इथल्या इथे कळायला हवं. चांद्रतळाशी संपर्क या खड्ड्यातून होत नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावलं.”

“चूक यंत्राची नाही, निमसेसाहेब. माझी आहे.” वैजयंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “याच्यात पंखा नाही. तुमच्या गाड्यांत हवा विरळ असते, पंखा काय कामाचा? म्हणून याच्या बुडाला चार किलो मीठ भरलंय. जेवणातलं नव्हे, वेगळं. गणन करताना जी उष्णता निघते, ती पिऊन हे मीठ वितळतं. तासभर काम चालतं. मग कळ दाबायची, मीठ पुन्हा गोठतं आणि प्यायलेली उष्णता बाहेर टाकतं. पोट रिकामं.”

“मग ते भरलेलं कसं?”

“काल तळावर काम केलं आणि कळ दाबलीच नाही.” ती ओशाळून म्हणाली. “आमच्या घरी भात उतरला, की त्याच तापल्या शेगडीवर आई दूध ठेवायची. ऊब वाया घालवायची नाही, हे हाडात मुरलंय. म्हटलं, राहू दे, गारठ्यात पाय शेकायला होईल.”

“आणि ते वितळलेलं मीठ रात्रभरात निवलं नाही?” निमसे पाट्याला हात लावून बघत होते. “गार तर लागतंय.”

“तीच तर त्याची गंमत. निवतं, पण गोठत नाही. पाण्यासारखं गप्प पडून राहतं. कळ दाबली की पहिला खडा धरतो आणि मग सगळी लपवलेली उष्णता एकदम बाहेर येते. अठ्ठावन्न अंशांपर्यंत.”

“वा! म्हणजे हात शेकायला सात किलोची शेगडी आणलीत.” निमसेंनी गाडी सुरू करायला बटण दाबलं. गाडी हूं की चूं करेना.

त्यांनी तीनदा दाबलं. मग वाकून आसनाखालचं झाकण उघडलं आणि बॅटरीवरचा तापमापक वाचला.

“बॅटरीला ऊब देणारी तार तुटलीय. उणे चाळीसला गेलीय ती. चार्ज आहे, पण इतक्या थंडीत एक कण सोडणार नाही. आपण परतलो नाही म्हणून शोधायला यायला तळावरच्यांना आठ तास लागतील.”

“आणि हवा?”

“सहा तासांची.”

वैजयंतीची लेक घरी वाट बघत होती. “लॅपटॉपची बॅटरी जोडली तर?”

“एवढ्याशा बॅटरीने काय होणार?”

“केवढी आहे हो तुमची बॅटरी? वजनाने?”

“वीस किलो. शून्यापर्यंत आणली तरी चालू होईल. पण आणायची कशानं, फुंकर मारून?”

वैजयंतीने ओठांतल्या ओठांत हिशेब केला, मग पुन्हा केला. वीस किलो, चाळीस अंश : उष्णतेची आठशे एककं लागणार. चार किलो मीठ : हजाराच्या आसपास. “पुरतंय!” ती ओरडलीच. “अहो, पुरतंय! सरका बाजूला!”

तिने पाटा मिठाच्या बाजूने बॅटरीवर टेकवून बसवला, दोघांच्या झोपायच्या पिशव्या वरून कोंबल्या आणि कळ दाबली. बारीक ‘टक्’ झालं. मिनिटाभरात पाट्याची कड हाताला चटका देऊ लागली.

पाऊण तास दोघंही त्या गाठोड्यावर हात ठेवून बसले. निमसे एकदा हळूच म्हणाले, “तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.” तापमापकाचा आकडा उणे दोनवर आला तेव्हा त्यांनी बटण दाबलं. गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली. एकदा चालू झाल्यावर बॅटरी स्वतःच्याच कामाने तापत गेली. वैजयंती चक्क रडली आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

विवराच्या पलीकडच्या, जवळच्या काठावर, लख्ख उन्हात आल्यावर निमसेंनी तार जोडायचा प्रयत्न केला. ती आतूनच गेली होती. वैजयंतीने पाटा मांडीवर घेतला. मीठ गोठून टणक झालं होतं, म्हणजे पोट पार रिकामं. तिने खड्ड्यातली मोजमापं भरली आणि गणन सुरू केलं. या खेपेला ते तासभर न अडखळता चाललं. पडद्यावर बर्फाचा नकाशा थरामागून थर उलगडत गेला. निमसे चष्मा सावरून बघतच राहिले.

“असे सहा पाठवा,” ते म्हणाले.

वैजयंतीने अहवाल उघडला. येतानाच्या प्रवासात पहिली ओळ लिहून ठेवली होती : ‘वजन निम्मं करावं.’ तिने ती खोडली. मग पडद्याच्या कोपऱ्यात ‘उष्णसाठा भरला आहे’ उमटलं, आणि नियमाप्रमाणे तिचं बोट कळेकडे गेलं.

“खबरदार!” निमसेंनी तिचा हात धरला. “तळावर जायला तोच खड्डा ओलांडायचाय.”